गाणी काढलेला सिनेमा

बाबा,

काल दुपारी तो सिनेमा मी पुन्हा पाहिला. गिटारवाल्या गोऱ्यांचा, तुम्ही ऑपरेटर होतात त्या आपल्या अकोल्याच्या टॉकीजला सकाळच्या खेळाला लागला होता तो. मुलानं लॅपटॉपवर लावून दिला आणि ‘आई, हा तुझ्या काळातला नाही, त्याच्याही आधीचा आहे,’ असं शहाणपण मला शिकवून बाहेर निघून गेला. आता त्याला काय सांगू, आपल्याकडे सिनेमे म्हातारे होऊनच यायचे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पूर्वी कापूस विकायला आलेली खेड्यावरची माणसं जिनिंगवरून सरळ टॉकीजला यायची. ती येईनाशी झाली आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. निदान कॉलेजची पोरं तरी येतील म्हणून मालकांनी अमरावतीच्या वितरकाकडून हा सिनेमा आणला. एका मैदानात मोठमोठे बँड एकामागून एक वाजवतात, एवढंच त्यात. पण ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. तुम्हाला सांगितलं ते नेहमीचंच, की दुपारी लोडशेडिंगची लाइन जाणार, त्याच्या आत खेळ संपवा. आणि लाइन जायची असली की गाणी काढायची, ही तर आपल्या टॉकीजची रीतच होती. गाण्याला अर्धं पब्लिक तसंही बिडी ओढायला बाहेर जायचं. गोष्ट तुटता कामा नये, एवढं तुम्ही पाळायचात. आदल्या संध्याकाळी मी डबा घेऊन केबिनमध्ये आले, तेव्हा तुम्ही फिल्म बल्बसमोर धरून एकेक चित्र बघत होतात. हातात कात्री, गळ्यात कापलेल्या फिल्मच्या माळा. “लयच गाणे टाकले वं बाई याच्यात,” तुम्ही वैतागून म्हणालात. “स्टोरी कुठी हाय, तेच सापडून नाही राह्यलं.” मी हसले. मला तरी कुठं काय ठाऊक होतं!

सकाळी मी मैत्रिणींना घेऊन बाल्कनीत बसले आहे. सिनेमा माझे बाबा दाखवतात, हे मोठ्या तोऱ्यात सांगून झालं आहे. पडद्यावर एक लांब केसांचा माणूस माइकपाशी येतो, डोळे मिटतो, तोंड उघडतो, आणि लगेच तो पाणी पितो आहे. मग काही माणसं वायरी गुंडाळतात. एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन चिखलातून चालत जाते. दुसरा बँड येतो, गिटारीच्या तारा पिळत बसतो आणि तोही घाम पुसत निघून जातो. पोरं आधी हसतात, मग शिट्ट्या, मग खुर्च्या बडवणं. “ऑपरेटर, गाणे कुठी ठेवले बे?” कोणीतरी केबिनकडे तोंड करून ओरडतं. तुमच्या वयाच्या माणसाला ‘बे’! माझे कान तापतात. मशीन थांबतं, दिवे लागतात, आणि तुम्ही चक्क खाली येऊन पडद्यासमोर उभे राहता. मला वाटलं, आता भांडण होणार.

“तुमी गाणेच पाह्याले आले काय?” तुम्ही विचारलंत. खरोखर समजून घ्यायचं म्हणून विचारलंत. माझीच मैत्रीण म्हणाली, “हो काका. याच्यात गाणेच असतात.” “मंग पयलेच सांगा लागते ना, माय,” एवढं म्हणून तुम्ही वर गेलात.

त्याच दुपारी तुम्ही सगळी गाणी परत जोडलीत आणि दुसऱ्या दिवशी, लाइन जाईल तर जाऊ दे म्हणून, सिनेमा पुरा चालवलात. पण बघायला आलं कोण? टॉकीज पुढे बंद पडली ती गावोगावच्या पडल्या तशीच, पण तुम्ही ते आपल्या माथी घेतलंत. लग्नाकार्यात लोक तो किस्सा रंगवून सांगायचे, तुम्हीही त्यांच्यात हसायचात. घरी मात्र टीव्हीवर गाणं लागलं की उठून ओसरीत जाऊन बसायचात. शेवटच्या आजारातसुद्धा एकदा मला विचारलंत, “ते पोरं अजून हसत असतील काय वं?” मी तुमचं पांघरूण नीट करत बसले. मला फार वाईट वाटलं होतं, बाबा. आजही वाटतं.

काल सिनेमा पुरा होता. वाजवतात छान, नाही असं नाही. पण मी शोधत होते ती तुमची माणसं. वायरी गुंडाळणारी, चिखलात बसून राहिलेली, आता काहीतरी सुरू होईल म्हणून वर बघणारी. त्या वर्षांत आपल्याकडेही सगळी तशीच बसलेली होती. तुमचा सिनेमा मला आवडला होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि आता हा कागद टाकायचा तरी कुठल्या पेटीत?

मुलगा परत आला आणि म्हणाला, “कसा वाटला?” मी म्हटलं, छान होता. त्याला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. गाणं सुरू झालं की मी बटण दाबून ते पुढे ढकलत होते.