नाव आत्यानं ठेवायचं

१२ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. स्रग्धरा!

हरिओमचा फोन होता. माझा धाकटा भाऊ, बुलढाण्याला नोकरीला आहे. आवाजातूनच हसत होता. "ताई, पोरीचं नाव फायनल. स्रग्धरा! पुष्पांजलीनंच काढलं. गुरुजीनं स अक्षर देल्लं ना. बारसं आपल्या घरी, रोहिणखेडले, दोन फेब्रुवारीले. आत्या तू एकच हायेस, नाव तुलेच ठेवा लागते."

मी म्हणाले, "अरे वा! छान!" 'छान' माझ्या तोंडातून पटकन निघतं.

फोन ठेवला. घरात कोणी नव्हतं. नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्रग्धरा. नीट आलं! पुन्हा म्हटलं, पुन्हा नीट. मग हे दारात आले, चपला काढता काढता म्हणाले, "काय म्हणून राह्यलीस?" सांगायला गेले — स्... आणि बंद. जीभ दातांमागं चिकटली ती चिकटलीच. यांनी मान खाली घातली, पाणी प्यायला गेले. इतक्या वर्षांत हे कधी हसले नाहीत, पण असे खाली बघतात ना, ते हसण्याहून नको वाटतं.

स माझा जुना वैरी. माझं स्वतःचं नाव संजीवनी! शाळेत हजेरीला उभी राहिले की सगळा वर्ग वळून बघायचा.

१३ जानेवारी

झोप नाही. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. उसवल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि अंगणवाडीच्या वंदनानं मोबाईल काढला. "पाह्यलं का? त्या हिरोइनीनं पोरीचं नाव ठेवलं. स्रग्धरा!"

माझ्या हातातला करंडा पडता पडता राहिला.

शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "काय? सर्दीधरा?"

सगळ्या हसून लोळल्या. वंदना म्हणे ही आता फॅशनच आहे. सिनेमावाले, क्रिकेटवाले जुन्या पुस्तकांतली नावं हुडकतात. एकानं पोराचं नाव ठेवलं अनुष्टुभ. एका गाणारीनं पोरीचं ठेवलं उत्प्रेक्षा.

"उपेक्षा?" गोजरबाई. "अवो बाई, जन्मल्या जन्मल्या पोरीची उपेक्षा काऊन करता!"

"उत्प्रेक्षा, मावशी. मराठीच्या पुस्तकात अलंकार राह्यते ना, तो."

"अलंकार तर बिंदली ठेवा ना मंग, पाटली ठेवा! मी सांगतो, नाव असं पाह्यजे की वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारता आली पाह्यजे. पोरगी हिरीत पडून राह्यली, अन माय आपली अनु... अनुष्... करत बसली तर?"

मीही हसले. सगळ्यांच्यात मीच जास्त हसले असेन. वावरातून नाही, पाळण्याजवळून म्हणायचंय मला. तेही शंभर बायकांसमोर.

आमच्या घरचंही हेच नाव आहे हे मी सांगितलंच नाही.

१५ जानेवारी

मोबाईलवर शोधलं. स्रग्धरा म्हणजे जिनं फुलांची माला घातली आहे ती. कवितेचं एक वृत्तही आहे या नावाचं.

किती सुंदर! हीच तर पंचाईत. नाव भिकार असतं तर बरं झालं असतं. मला ते आवडून बसलंय.

१७ जानेवारी

हे आज जीप लवकर लावून आले. बुलढाण्याच्या फेऱ्यांना सवारीच नव्हती म्हणे. चहा पिताना म्हणाले, "हरिओमले सांगून टाक. आपला भाऊच हाय."

नाही. हरिओमला वाटतं ते लहानपणी होतं, गेलं. आईलाही तसंच वाटतं, किंवा तिला तसं वाटून घ्यायचं आहे. गेलं कुठं? मी लपवायला शिकले! सोमवारी म्हणायचं असेल तर 'परवा' म्हणते. सुई मोडली तर 'टोचायचं मोडलं' म्हणते, लोकांना गंमत वाटते. अडणारा शब्द दोन शब्द आधीच दिसतो, रस्त्यातल्या खड्ड्यासारखा, आणि मी बाजूनं काढते. लोक म्हणतात संजीवनी मोजकं बोलते, वळण चांगलं आहे. वळण कसलं! वळसे आहेत नुसते.

पहिल्या स्थळाची माणसं आली होती तेव्हा वळसा सापडला नाही. "नाव काय बाई तुझं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी तोंड उघडून बसले. ती माणसं पोहे अर्धे टाकून उठली. यांच्या वेळी आईनं माझ्या आधीच सांगून टाकलं, "संजीवनी. लाजाळू आहे हो."

पुष्पांजलीला यातलं काही माहीत नाही. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली, मी तिला कधी कळूच दिलं नाही. शिकलेली पोरगी आहे. तिच्या डोळ्यांत मी बरी आहे. तसंच राहू द्या.

१८ जानेवारी

आईला फोन केला. खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, "लोक नावं ठेवतील. इथं बायका हसून राह्यल्या. नटीच्या पोरीचं नाव आपल्या घरात कशाला?"

आई आधीच काठावर होती. "हाव ना वो! मले तर ते म्हणताच येत नाई. मी सांगतो त्याले."

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. खरं सांगते, फार हलकं वाटलं.

२१ जानेवारी

वाईट झालं. माझ्यामुळं झालं.

आई बुलढाण्याला जाऊन पुष्पांजलीला बोलून आली — नटीची नक्कल आमच्या घरात चालणार नाही, म्हणून. संजूले बी पसंत नाई, हेही सांगितलं! पुष्पांजली दोन दिवस नीट जेवली नाही. अंगावर पिणारं लेकरू आहे. हरिओमचा फोन आला. ओरडला नाही, थंड बोलला. "तुले आवडलं नव्हतं तर मले सांगतीस, ताई. आईले काऊन चावी देल्ली?"

मग पुष्पांजलीनं फोन घेतला.

"ताई, मी कोणाचं चोरलं नाही. सेकंड इयरले आमाले वृत्तं शिकवली, तवाच मी ठरवलं होतं, पोरगी झाली तर स्रग्धरा. सोनाळ्याच्या माझ्या मैत्रिणीले इचारा. पोटात असतानाही मी तिले त्याच नावानं बोलत होती, अन गुरुजीनं अक्षर बी तेच देल्लं. अन महिन्याआधी त्या बाईनं ठेवलं! मी त्या दिवशी रडली, ताई. आता सारे म्हणतीन मी तिचं पाहून ठेवलं. मले वाटलं, तुमी तरी समजून घ्यान."

मी म्हणाले, "तेच नाव ठेवू. मी ठेवते."

"खरंच?"

"खरंच."

२२ जानेवारी

काय बोलून बसले मी!

२५ जानेवारी

मशीनच्या पायट्यावर पाय चालू ठेवला की शब्द सुटतो. स्रग्-धरा, स्रग्-धरा, पायाच्या तालावर. शिवताना शंभरदा म्हटलं, एकदाही अडलं नाही. गोजरबाई आत आल्या तसा पाय चालूच ठेवून म्हणून पाहिलं. बंद.

पाळण्याजवळ मशीन थोडीच असणार आहे.

२९ जानेवारी

बाळासाठी कुंची शिवली, मोरपंखी रंगाची. त्यावर नावाचं पहिलं अक्षर भरणार होते. नाही भरलं.

१ फेब्रुवारी

उद्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला हात उठला नाही. आज लिहिते.

घर बायकांनी गच्च. पाळणा झेंडूनं मढवलेला. पुष्पांजली हिरव्या साडीत, चेहरा भरून आलेला. मला पाहून पुढं आली, माझा हात दाबला, कानाशी म्हणाली, "ताई, थँक्यू." सोनाळ्याहून तिचे वडील भगवंतराव आले होते, माहेरची सगळी आली होती. हरिओमनं मोबाईल धरलेला.

वाकले. बाळाचा कान गरम होता, दुधाचा वास. कुजबुजले — स्रग्धरा. आलं! अख्खं आलं, गुळगुळीत. कुजबुजताना मला कधी अडत नाही. तिनं मूठ उघडली आणि मिटली.

आता मोठ्यानं.

"सांगा आता आत्याबाई! काय ठेवलं?"

सरळ उभी राहिले. स्... स्... आतल्या आत बंद. कोणाची तरी बांगडी वाजली. पुष्पांजली माझ्या तोंडाकडं बघत होती, तिचे ओठ माझ्या आधीच स्रग्धरा म्हणायला निघाले होते. मागून कोणी म्हणालं, "अवो सांगा लवकर." आणि आयुष्यभर केलं तेच मी केलं. बाजूनं काढलं. मी विचार केला नाही, जिभेनंच केलं.

"माला!"

आधी आई ओरडली, "माला! अगाई, किती गोड! किती सोपं!" आणि बायका तुटून पडल्या, माझ्या पाठीत धपाधप बुक्के, हसणं, "माला ठेवलं, माला ठेवलं," पाळणा हलायला लागला, पाळणा म्हणायलाही लागल्या. त्यात नाव गुंफलं — माला.

हरिओमचा मोबाईल खाली आला. पुष्पांजली... तिचा चेहरा मी लिहू शकत नाही.

नंतर आतल्या खोलीत ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं होतं. "आईंनी सांगितलं का तुमाले? का दोघींनी मिळून ठरवलं? मले फोनवर होय कशाले म्हटलं मंग?"

मी सांगायला गेले. सगळे शब्द एकदम दाराशी आले आणि एकही बाहेर पडेना. म्हणजे तिला दिसलं काय — नणंद गप्प उभी आहे, काही उत्तर देत नाही.

हरिओम म्हणाला, "चला, जीपीत बसा." आम्हाला. बहिणीला!

जीपमध्ये हे एवढंच म्हणाले, "मी सांगतो त्यायले."

"नाही," मी म्हटलं. हे मात्र स्पष्ट निघालं.

खरं नाव मी बाळाच्या कानात सांगितलं होतं. पण ते ऐकलं ते फक्त तिनंच.

५ फेब्रुवारी

पुष्पांजलीला फोन केला. तिनं उचलला. "हॅलो?" मी अडले. फोनवर अडले की समोरच्याला वाटतं लाइन गेली. "हॅलो? हॅलो? कोण?" कट.

पुन्हा केला. उचलला नाही.

७ फेब्रुवारी

आईचा फोन. खूश आहे! गावभर माला माला करत सुटली आहे. "तुह्यं डोकं लई चाललं ऐन वेळेले," म्हणाली. मी म्हटलं, "आई, डोकं नाही. मला म्हणताच आलं नाही." ती म्हणाली, "ते गेलं ना पण?"

"नाही गेलं."

मग आई हळूच म्हणाली, "मीच सांगत बसली, गेलं गेलं." आणि फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

केलं!

पुष्पांजलीला आवाजी मेसेज पाठवला. बटण दाबून धरलं आणि ठरवलं — आज वळसा नाही. स आला तर स. जिथं अडेल तिथं अडू दे, तिला ऐकू दे. "प्-पुष्पांजली, मी सं... सं... सं..." माझं नाव निघायलाच केवढा वेळ लागला. मग सगळं सांगितलं. शाळा. ती पोहे टाकून गेलेली माणसं. आईला फोन मी भीतीनं केला होता, नाव नावडलं म्हणून नाही. माला मुद्दाम म्हटलं नाही, अर्थ तोच होता म्हणून जीभ तिकडं पळाली. नाव मला फार आवडतं. फक्त ते नाव म्हणायला गेले तिथंच... किती प्रयत्न केला. शेवटपर्यंत निघालं नाही. मध्ये मध्ये नुसता माझा श्वास आहे, घशातला आवाज आहे. घाणेरडा वाटतो ऐकायला.

कधी कोणाला मी असं ऐकवलं नव्हतं. यांनाही नाही.

पुसून टाकावा वाटलं. नाही पुसला.

१० फेब्रुवारी

दोन निळ्या खुणा. ऐकला. उत्तर नाही.

११ फेब्रुवारी

उत्तर नाही. काय वाटलं असेल? कीव आली असेल. नाहीतर, बहाणा! हरिओमला ऐकवला असेल का? भगवंतरावांना? माहेरात सगळ्यांना?

आज वंदना सांगत होती, त्या हिरोइनीच्या पोरीच्या नावावर लोक अजून जोक करतात. मी म्हटलं, "करू दे. नाव चांगलंच आहे."

१३ फेब्रुवारी

उत्तर नाही. गिऱ्हाइकांचे ब्लाउज रखडले आहेत. हे म्हणतात, बुलढाण्याला जाऊ, बसवतो जीपीत. मी नाही म्हटलं. आता तिची पाळी आहे. तिनं बोलायचं नसेल तर तेही तिचंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुष्पांजली आली. न सांगता, एसटीनं, एकटी, लेकराला घेऊन. चहाला नको म्हणाली. दार लावून घेतलं, पोरीला माझ्या मांडीवर दिलं, समोर खाली बसली. "ताई, मेसेजमंदी एक राह्यलं तुमचं. सांगा आता. मले घाई नाई." मी ते नाव सांगितलं. खूप वेळ लागला. तिनं मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही, खाली पाहिलं नाही. आणि पोरगी सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती.