खिळ्याने ओढलेली रेघ

ह्वालवीक, १४ एप्रिल

प्रिय बर्गुर,

तुझा गुडघा आता बरा असेल. इकडे खिडकीच्या काठापर्यंत बर्फ आहे. मेंढ्या व्यायला अजून तीन आठवडे आहेत.

हे पत्र लिहायची वेळ तू आणलीस. मी स्तेइनारची गाडी बचाव पथकाला देणार हे ऐकून, रविवारी कॉफीला सगळं गाव जमलेलं असताना तू आल्दीसला म्हणालास, "तुमचं बचाव पथक उशिरा आलं म्हणून माझा भाऊ गेला. आता त्याची गाडीही गिळणार का?" आणि मला म्हणालास, "वहिनी, तुमचं वय झालंय, या लोकांनी तुम्हाला गुंडाळलंय. गाडी आहे तशी मला द्या." तू गेल्यावर आल्दीसने पथकाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती घरी गेली. बारा वर्षं पथक चालवणारी बाई!

गाडी 'आहे तशी' राहिलेली नाही. मी ती कापली आहे.

मार्चमध्येच कापली. बर्फात न रुतणारे चव्वेचाळीस इंची रुंद टायर बसायचे तर चाकांवरचा पत्रा जातोच. आल्दीस वेल्डिंग करते, म्हणून तिच्याच शेडमध्ये नेली. ती म्हणाली, "बाई, ग्राइंडर मला द्या. तुम्हाला तो पेलायचा नाही."

"तुझी भूमितीची वही मी तपासलेली आहे," मी म्हटलं. "तू पत्रा धर."

ती हसली. "अजून मार्क कापताय माझे?"

सांगाडा वर उचलला, मागच्या चाकांचा आस मागे सरकवला, गिअर बदलले. तपासणीत गाडी पहिल्याच खेपेला पास झाली. काल पठाराच्या पायथ्याशी टायरमधली हवा तीन पौंड दाबावर आणली. टायर मळलेल्या कणकेसारखे पसरले आणि गाडी बर्फावरून तरंगत वर गेली. मीच चालवत होते. वय झालेली.

आता उरलेलं लिहिते. एवढं लिहायला मला चौदा महिने लागले.

पाच वर्षांपूर्वी गाडी आणली, त्याच आठवड्यात स्तेइनारने चाकावरच्या पत्र्यावर लाल रेघ मारली : इथून कापायचं. "कोरी गाडी कापायची? डोकं ठिकाणावर आहे का?" असं म्हणत मी ती रेघ स्पिरिटने पुसली. पुढे हा विषय निघाला की मी खोलीतून उठून जायचे. मग तो विषय काढेनासा झाला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर पठारापलीकडे. पायथ्याशी तो म्हणाला, "ओड्नी, आधी हवा सोड." मी म्हटलं, "त्यात वेळ जातो. पलीकडे उतरल्यावर पुन्हा भरायची. तू गप्प बस." निम्म्या चढावर अरुंद टायर आसापर्यंत रुतले. मी फावडं घेतलं. एक तास उपसत राहिले. फोन खिशात होता, बर्गुर. चार वर्षं मी बिनकापलेल्या गाडीची बाजू घेतली होती. तीच अडकली हे पथकाला सांगणं माझ्या जिवावर आलं.

अखेर फोन केला. आल्दीस चाळीस मिनिटांत पोचली, भर वादळात. वाया गेलेला तास माझा होता. फोनची वेळ पथकाच्या वहीत आहे आणि ती तिला पाठ आहे. रविवारी तुझं सगळं ऐकून घेऊनही तिने ती सांगितली नाही. ती माझ्यासाठी गप्प बसली. मी मात्र कप हातात धरून स्वतःसाठी गप्प बसले. ते आता पुरे.

पथकाने गाडी घेतली तर तू गावात पाऊल ठेवणार नाहीस म्हणे. नको ठेवूस. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, तो तुझा हक्क आहे. पण आल्दीसची माफी मागायला एकदा यावंच लागेल. या पत्राची प्रत मी पथकाच्या शेडच्या दारावर लावली आहे. तुझ्याआधी गावाने वाचलं असेल.

पत्रा कापताना त्याच्या कडेची रबरी पट्टी काढली, तर तिच्याआड रेघ सापडली. मी पुसल्यावर त्याने खिळ्याने ओरखडून ठेवलेली, पुसता येऊ नये म्हणून. मी तिच्यावरूनच कापलं. माप केसभरही चुकलेलं नव्हतं.

आज सकाळी आल्दीसच्या हाती दिलं : स्तेइनारची गाडी, चार टायर, हवेचा पंप, दाबमापक, फावडं आणि दोन किल्ल्या. तिच्या स्वतःच्या किल्ल्याही परत दिल्या, तिने घेतल्या.

तुला, याच टपालाने : डाव्या पुढच्या चाकावरचा कापलेला पत्रा, एक. त्याच्या काठावर तुझ्या भावाच्या हातची रेघ आहे.

तुझी वहिनी,
ओड्नी