माईंची चाचणी

प्रिय गोगलगाय,

माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाची आधी दखल घे. बुधवारी माझ्या खुर्चीचं चाक निखळलं. नवं मिळावं म्हणून मी आपल्या ऑफिसचा तक्रार-फॉर्म भरला. खोलीचा नंबर, खुर्चीचा नंबर, चाकाच्या निधनाची साद्यंत हकीकत. बटण दाबलं, तर तारीख चुकली म्हणून फॉर्मने सगळंच पुसून टाकलं. तीनदा लिहिलं, तीनदा कोरं. शेवटी हात टेकले आणि आता एका बाजूला कलून तुला लिहितोय. ज्या गाढवाने हा फॉर्म बिघडवला, त्याची सही पत्राच्या तळाशी सापडेल.

झालं असं, की वेबसाइट ज्या सांगाड्यावर उभी असते तो फ्रेमवर्क महिन्यापूर्वी मी नव्या आवृत्तीवर नेला. आपले फॉर्म आणि आपण इस्पितळाला करून दिलेला नावनोंदणीचा फॉर्म, सगळे त्याच सांगाड्यावर. आपोआप चालणाऱ्या दोनशे तेरा चाचण्यांपैकी दोनशे बारा हिरव्या, म्हणजे पास झाल्या, एक लाल. तिचं नाव 'माईंनी पाच वेळा लिहिलं'. ती तू लिहिलेली, हे लगेच ओळखलं. साहेब पाठीमागे उभे, "झालं का, झालं का?" करत. मी ती चाचणी उडवली, तिच्या मागचा तुझा कोडही उडवला आणि म्हणालो, झालं.

मग इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "अहो, माणसं रडकुंडीला आलीत इथं! एक आजोबा सकाळपासून दुखणं लिहितायत. एक चूक झाली की सगळं गायब. शेवटी म्हणाले, राहू दे. आणि गेले निघून, न दाखवताच."  

ते 'राहू दे' मी आधी ऐकलं होतं, तुझ्या स्वयंपाकघरात. उजवा हात लुळा पडल्यावर तुझ्या माई डाव्या हाताच्या एका बोटाने इस्पितळाचा हाच फॉर्म भरत होत्या. पाचव्यांदा पुसला गेला तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तेवढंच म्हणाल्या. मग आठ दिवस बसून तू तो कोड लिहिलास. चुकलेला रकाना तेवढा लाल व्हावा, बाकीचं जागच्या जागी राहावं. मीटिंगमध्ये मी त्याला 'मातृभक्तीचं ठिगळ' म्हणालो. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. कोड वेबसाइटवर बसला, तू मात्र त्याच महिन्यात नोकरी सोडलीस.

तू तो कोड लिहीत होतास तेव्हा एकदा माईंनी मला तुमच्या दारात अडवलं होतं. "काय रे वाचाळा, फॉर्म सुधारला की बोलावशील ना? एकदा तरी पुरा भरून बघायचाय मला." मी म्हणालो, उद्याच बोलावतो. तो उद्या दोन वर्षं लांबला. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. दारात माणसं होती, त्यांत तू पाठमोरा. मी तिथूनच परत फिरलो. गेल्या चार महिन्यांत तुला पाच पत्रं लिहिली, संगणकावर. पाचही पुसली.

हे सहावं पेनाने लिहितोय. आज सकाळी तुझा कोड नव्या सांगाड्याला जुळवून परत बसवला. चाचणीही बसवली, त्याच नावाने. ऑफिसात कुणी यायच्या आत उजवा हात खिशात घातला आणि वेबसाइटच्या सरावाच्या प्रतीवर, डाव्या हाताच्या एका बोटाने, माईंच्या नावाचा फॉर्म भरला. चाळीस मिनिटं लागली. तारीख मुद्दाम चुकवली. बटण दाबलं. तेवढा एकच रकाना लाल झाला. बाकी त्यांचं सगळं होतं तिथंच होतं. तारीख दुरुस्त केली, पुन्हा दाबलं. फॉर्म पुरा भरला. हे त्यांना सांगायचं होतं, रे. आता तुला सांगतोय.

तुझाच,
वाचाळ