समजलं ना सगळ्यांना?

१४ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी प्राचीला बोलवायला वाडीच्या वरच्या उघड्या सड्यावर गेले. घरात रेंज नाही, म्हणून बारावी झाल्यापासून पोरगी तिथे कातळावर बसून फोनवर शिकते. रत्नागिरीत ठेवून कॉलेज करणं आम्हाला जमलं नाही. हा कोर्स फुकट, घरबसल्या, आता कोणाचं शिक्षण अडायचं नाही, असं मीच वाडीभर सांगत सुटले होते.

ती पाठमोरी होती. फोनमधल्या सरांनी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?"

प्राची हळूच म्हणाली, "नाही सर."

सर जरासे थांबले. मग म्हणाले, "छान! पुढे जाऊ या."

कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला तास तो. तिलाही ठाऊक आहे. तरी म्हणाली. सवयीने? की कोणी ऐकेल म्हणून? माझ्या अंगणवाडीत एखादं पोर नुसतं गप्प बसलं तरी मी उठून जवळ जाते. आणि ही तोंडाने "नाही सर" म्हणाली, तर...

मी थोडी मागे सरले, मुद्दाम खोकले, मग हाक मारली.

उतरताना विचारलं, "समजतं ना गो सगळं?"

"हो गो आई," म्हणाली.