कुणाची पिशवी

माय, काल मागच्या गल्लीतली एक बाई तिच्या पोरीला घेऊन माझ्याकडे आली होती. दसरा झालाय, टोळ्या ऊसतोडीला निघायच्या बेतात आहेत. पोर न्हातीधुती, जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. बाई पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आक्का, तुमची पिशवी लगनाआधीच काढली म्हणतेत. काई तरास होतोय का? हिची बी काढून टाकावी म्हणते. आमी सा म्हईने उसाला, ही घरी म्हातारीपाशी. कुणी काई केलं तर हिला बोंबलता सुदिक येत न्हाई." पोर अंगणातल्या माझ्या कोंबड्या बघत उभी होती. मी म्हणाले, "तिला विचारलंस का?" बाई हसली. "तिला काय इचारायचं आक्का? तिला बोलता येतंय का?" मला तर बोलता येत होतं, माय.

आपल्याकडे गर्भाशय हा शब्द फक्त डॉक्टरच्या तोंडी. बायका पिशवी म्हणतात, आणि दाढ काढल्यासारखं त्याबद्दल बोलतात. मी या पोरीएवढी होते, त्या वर्षी तू चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "उद्या बीडला जायचं, पिशवी काढाया." एवढंच. कुणाची, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. तुझं पोट दुखायचं, टोळीतल्या निम्म्या बायकांनी काढलेली, मला वाटलं तुझीच. मला तुझी काळजी वाटली. सकाळी तू उठायच्या आत मी तुझ्यासाठी मऊ भात केला, जुनं लुगडं धुऊन घडी घालून घेतलं. नेकनूरहून एसटीत बसलो तेव्हा खिडकीची जागा मी तुला दिली. माझा लंगडा पाय मधल्या वाटेत येत होता, कंडक्टर वैतागला, तरी दिली. दवाखान्यात गेल्यावर नर्स झगा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल, झोप." मी म्हणाले, "मी न्हाई, माय हाय." नर्सनं तुझ्याकडे बघितलं. तू खाली फरशीकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "झोप बाळ. पाळीची कटकट जाईल." तू मला बाळ कधी म्हणत नव्हतीस. म्हणून मी झोपले.

पाळीसाठी नव्हतं ते, हे मला तेव्हाही कळलं होतं. टाके ओले होते तोवर तू उसाला निघालीस, मला एकटीला घरी ठेवून. ट्रक दारात उभा, बाप वर चढलेला, आणि तू मला सांगत होतीस पीठ कुठं, मीठ कुठं. एवढ्यानं मन भरलं नाही म्हणून जाता जाता म्हणालीस, "आता मला घोर न्हाई." इतक्या वर्षांत मी या वाक्याला सगळ्या बाजूंनी हात लावून बघितलाय. कुणी माझ्या अंगावर आलं तर येऊ दे, दिवस तेवढे जायला नकोत, असाच त्याचा अर्थ निघतो. दाराची कडी मोडकी होती, माय. ती कुणी बदलली नाही. माझ्यावर कुणी आलं नाही, हे माझं नशीब. टाक्यांची जागा मात्र बधिर झाली ती झालीच. आजही तिथं चिमटा काढला तर काही कळत नाही.

पुढे दूध सोसायटीत मला फॅट बघायचं काम लागलं, ते तुला आवडलं. बसून करायचं काम, लंगडीला बरं. मग तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली आणि मी तिथं चाऱ्याच्या वाटपावर बसायला लागले. चौसाळ्याकडचा एक बिजवर दोन म्हशी घेऊन आला होता. रोज पेंडी घेताना माझ्याशी बोलायचा. एक दिवस सरळ म्हणाला, "आपल्या दोघांचं जमल का?" मी त्याला सांगून टाकलं की मला पिशवी नाही. तो म्हणाला, "मला एक पोरगं हाय. मला घरात माणूस पायजे. तुमी हसता लई ब्येस." मला कुणी तसं म्हणालं नव्हतं. तुला सांगितलं तेव्हा तू कडबा तोडत होतीस. "हिला घेऊन कुणाचा कोयता पुरा व्हतोय?" म्हणालीस. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणणाऱ्या माणसांत मी वाढले, त्याचं वाईट वाटलं नाही. मग तू म्हणालीस, "पोर व्हायचं न्हाई, मग नवरा कशाला? भाकरी तर मी घालतेच हाय की." तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, आणि एकदम तुझ्या ध्यानात आलं. "तुला बी?" एवढंच म्हणालीस. लंगड्या कुत्रीला पंख फुटावेत तशी बघत होतीस.

हो माय, मला बी. मी लग्न केलं, तू आली नाहीस. दुसऱ्या वर्षी तू उसातच वारलीस. सांगायचं राहिलं ते असं, की त्याचा हात अंगावर आला की मला बरं वाटतं. वाळलेला पाय तो बाजूला सारत नाही. मूल होणार नसताना हे सगळं लागतं, रोज लागतं, आणि त्यात पाप वाटत नाही.

काल मी त्या पोरीला हात धरून आत आणलं. माझ्या पोटाकडे बोट केलं, बोटानं कापल्याची खूण केली, मग तिच्या पोटाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. ती लगेच मागं सरली. भिंतीला टेकली, दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि मान हलवत राहिली. तिची आई बघत होती. मी म्हणाले, "तू जा उसाला. पोर माझ्यापाशी राहील. माझ्या दाराला कडी आहे." ती पोरीला घेऊन निघून गेली. आज सकाळी पोरीचं गाठोडं आणून ठेवून गेली.

आता ती चुलीपाशी शेंगा सोलतेय. हे लिहून झालं की मी चुलीत घालणार. सगळे म्हणतील, आक्कानं पोर वाचवली. पण ती भिंतीला टेकून मान हलवत होती ना माय, तेव्हा मला तिची दया आली नव्हती. मला तिचा हेवा वाटला.