शंखातले सहा, स्टुलावरचे दोन

४ फेब्रुवारी

गप्पी मासा बाद. इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. तेवढं तर मीही दुकानात दिवसभर करतो, मला कोणी खुर्ची टाकून बघत बसत नाही.

सकाळी ताईचा फोन. "अण्णा नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात म्हणे. मार्चअखेर येते आणि घेऊन जाते त्यांना." हिनेच सांगितलं असणार — दुसरं कोण. पण खोटं नाही. अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतरही पेपरातल्या चुका लाल पेन्सिलीने काढून संपादकांना पाठवायचे. गेल्या वर्षी ताईकडे महिनाभर राहून आले, तेव्हापासून पेपर उघडलेला नाही. "त्यात आता राहिलंय काय?" पत्त्यांचा अड्डाही सोडला. ताईकडे जायचंय का, असं विचारलं. म्हणाले, "मला माझी खुर्ची बरी."

म्हणजे त्यांना इथे ठेवायचं तर बघण्यासारखं काहीतरी हवं. टीव्ही त्यांना कटकट वाटते. मासे! पण उचलले आणि आणले, असे नाहीत.

६ फेब्रुवारी

वहीत रकाने आखले. रंगाला गुण नाहीत — रंग दोन दिवसांत जुना होतो. गुण वागण्याला. बांधकाम, भांडण, लबाडी, माणसाची ओळख ठेवणं.

एंजलला तीन. देखणा आहे, आणि ते त्याला माहीत आहे. गोल्डफिशला चार, त्यातले दोन खादाडपणाचे. वाटाण्याएवढा एक पफर असतो, त्याला आठ — दोन डोळे दोन दिशांना फिरवून माणसाला न्याहाळतो. मात्र शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो.

नऊ गुण शंखातल्या सिक्लिडला. दीड इंचाचा जीव. गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो, तोंडात वाळू भरून अंगण साफ करतो आणि ती वाळू शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. दहावा गुण मी कोणालाच देत नाही.

टर्र आवाज काढणारी एक गुरामी आहे. मातकट. दोन गुण. मासा बघायचा असतो, ऐकायचा नसतो.

११ फेब्रुवारी

टाकी बसवली. अडीच फुटी. पाणसळ लावून पाहिलं, डावीकडे केसभर उतार होता, पुठ्ठ्याचा तुकडा सारला. शिलाई मशीन दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही, हेही कोणी शिकवायची गरज नाही.

अण्णांच्या खुर्चीसमोरच ठेवली. टेप घेऊन जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली. बेचाळीस इंच. ते फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. "कोट शिवतोयस का माझ्यासाठी?" आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य.

टाकीसाठी हिने खुर्ची वीतभर सरकवली होती. अण्णा बसायला गेले आणि खुर्चीच्या हातावर आपटता आपटता वाचले. "खुर्ची हलवायची नाही," एवढंच म्हणाले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो. खुर्ची पूर्वीच्या जागी नेली, टाकी वीतभर मागे. पुन्हा पाणसळ.

१३ फेब्रुवारी

पाणी भरलं, पंप चालू. आता चार आठवडे मासे नाहीत. पाणी तयार व्हावं लागतं, त्यात उपयोगी जंतू धरावे लागतात. ज्यांना हे माहीत नसतं त्यांचे मासे तिसऱ्या दिवशी उताणे होतात.

"म्हणजे महिनाभर आम्ही पाणी बघायचं?" — ही.

"बाबा, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय," — मुलगी. कॉलेजात हेच शिकवतात.

१६ फेब्रुवारी

अण्णा टाकीसमोर बसले होते. बुडबुड्यांचा आवाज चालला होता. म्हणाले, "बरे आहेत रे. चपळ आहेत."

टाकीत नुसतं पाणी! मुलगी हसून हसून खाली बसली. ही पदराआड. मीही हसलो, मग अण्णाही हसले, जरा उशिरा.

टोमणे परत आले म्हणजे तब्येत सुधारतेय. ताईला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुला हे विनोदी वाटलं?" तिला विनोदाचं अंग नाही, लहानपणापासून.

२७ फेब्रुवारी

पाणी तपासलं. अजून नाही.

१३ मार्च

आणले. शंखातले सहा. पफर संपले होते. पैसे देऊन निघालो, तर दुकानदाराने आणखी एक पिशवी हातात दिली. आत दोन टर्रवाल्या गुरामी. "फुकट घ्या साहेब. कोणी नेत नाही. यांची कदर तुमच्यासारख्या जाणकारालाच." जाणकार म्हटल्यावर परत कसं करणार?

यांना कठीण, म्हणजे क्षारांचं पाणी चालत नाही, सहा जणांना मऊ चालत नाही. म्हणून दोघांना माळ्यावरच्या जुन्या छोट्या टाकीत घातलं, मुरवलेलं दुसरं पाणी होतंच. टाकी अण्णांच्या कोपराजवळ स्टुलावर. दुसरीकडे जागा नव्हती.

१५ मार्च

शंखातल्यांनी दोन दिवसांत वाळूचा नकाशा बदलला. एकाने चार इंच लांब चर खणला. दुसरा त्याचं लक्ष नाही असं पाहून शंखच ढकलत नेतो. मी घरातल्या सगळ्यांना दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा ही आली नाही.

अण्णांना विचारलं, यातला कोणता आवडला?

"तो मोठा."

सगळे दीड इंचाचे आहेत. मी मोजून घेतलेत. लक्षच देत नाहीत, मग माशांनी तरी काय करावं?

१८ मार्च

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. अचानक म्हणाले, "जुंपली बघ दोघांची."

स्टुलाकडे पाहिलं. खरंच, दोन्ही गुरामी पर फुलवून आडव्या उभ्या. कान लावला तर कर्र-कर्र, कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखं. जेवणानंतर चार वेळा भांडल्या, अण्णा म्हणाले. "एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा खोडतो. आमच्या छापखान्यात असे दोघे होते." मग त्या दोघांची गोष्ट सांगितली. अर्धा तास! मुलगी अभ्यास टाकून ऐकत बसली.

वहीत गुरामीचे दोनाचे चार केले. पेन्सिलीने.

२३ मार्च

अण्णा जेवताना बोलतात. पत्त्यांच्या अड्ड्यातल्या एकाला घरी बोलावलं, त्यालाही गुरामी ऐकवली. खेळले मात्र नाहीत. ताई काय म्हणेल ती म्हणो, या माणसाला आता कुठे हलवणार?

तरी एक खटकतं. बेचाळीस इंचांवर ठेवलेल्या टाकीकडे ते ढुंकून बघत नाहीत. मी विचारलंच. म्हणाले, "तुझे चांगलेच आहेत रे. फार अबोल आहेत."

महिनाभर पाणी मुरवलं ते अबोल म्हणवून घ्यायला!

२८ मार्च

रविवार. ठरवलं, दुपारपुरता स्टुलावरचा गोंगाट बंद करून बघू, म्हणजे समोर लक्ष जाईल. गुरामी बादलीत घालून स्वयंपाकघरात नेल्या. छोटी टाकी तिथेच राहू दिली, पाण्यासकट.

चार वाजता अण्णा म्हणाले, "आज यांची वाचा बसली की काय? आजारी आहेत का? बघ बरं."

मुलगी म्हणाली, "आजोबा, टाकीत नाहीचेत ते. दिसत नाही का?"

अण्णांनी छोट्या टाकीच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाही."

बादली परत आणली. माझ्या हातून पाणी सांडलं. फरशी पुसली. उजेड-अंधार कळतो, अण्णा म्हणाले, बाकी सगळं धूसर. मग म्हणाले, "ताईपुढे विषय काढू नकोस."

२९ मार्च

अण्णांना शंखातल्यांची वही वाचून दाखवली. आजपर्यंतची सगळी. खणलेल्या चराची लांबी दोनदा विचारली. माझ्या व्याकरणाच्या दोन चुका नुसत्या ऐकून काढल्या.

३१ मार्च

ताई आली. अण्णांनी तिला सहाही मासे सांगितले — कोणाचा शंख कुठे, चोर कोण, चर केवढा. एक चूक नाही. ताई ऐकत होती, टाकीकडे न बघता, माझ्याकडे बघत. संध्याकाळी एकटीच निघाली. जिन्यात म्हणाली, "माझ्याकडे होते तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, नस सुकलीय, नजर परत यायची नाही. मला शपथ घातली — त्याला सांगू नकोस, टेप घेऊन येईल. वर्षभर तुझ्या घरात कोणाला कळलं नाही, म्हणून न्यायला येत होते. आता कळलंय ना? मग राहू देत."