मॅकरोनीचा तुकडा उभा राहिला

कॅप हैतियन, रविवार दुपार

प्रिय ओदाली ताई,

तिकडे जेरेमी गावात घरच्या सगळ्यांना आमची आठवण सांग.

आज चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा तुकडा ताटात न ढासळता उभा राहिला. शेजारच्या मादाम ओर्तान्सनी स्वतः कापून पाहिला आणि म्हणाल्या, "फ्रिट्झनेल, आज पळी नको, सुरी दे."

मागचे दोन रविवार दुधाचा अख्खा डबा ओतून मी त्याची खीर केली होती. तिची आई वारल्यापासून माझी लेक नादेज रविवारी माझ्या हातचं जेवतच नव्हती, ती शेजारी जायची. या वेळी तू लिहिलंस तसं अर्धाच डबा दूध घातलं आणि भांड्याच्या झाकणावर खालच्यापेक्षा जास्त निखारे ठेवले.

नादेजने करपलेला कोपरा मागून घेतला. "आईचा याहून काळा असायचा," म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने आईचं नाव काढलं, ताई. हे तुझ्या पत्रामुळे झालं.

तुझा गुडघा कसा आहे? माझा खोकला आता फक्त सकाळी येतो, काळजी करू नकोस.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये नादेजच्या पहिल्या कम्युनियनचा विधी आहे. दोन मोठी भांडी भरून मॅकरोनी करायची आहे. लाल मेणाच्या आवरणातलं चीज तीच किसणार आहे, पांढरा फ्रॉक घालायच्या आधी.

तुझा धाकटा,
फ्रिट्झनेल